पल्याड पोचणारी हाळी

मार्गशीर्षाचं ऊन दरीत उतरलं, की कारवीच्या काड्यांवर तांबूस झळाळी चढते. धुकं ओढ्यापाशी घुटमळतं, विरतं, आणि अल्याडचं घर पल्याडच्या उताराला नव्यानं दिसतं.

त्या धूम्रनील दरीवर चांगुणाच्या हाळीचं जन्मभर राज्य. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. भाकरी झाली, की अंगणाच्या कडेला उभी राहून नुसता एक दीर्घ, निर्नाम, सतेज स्वर सोडायची: ओऽऽऽ. पल्याड म्हशी राखणारा धाकू मान वर करायचा.

यंदा तिचं हृदय थकलं. पाय सुजले. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जाता जाता धाप लागू लागली आणि हाळी ओठांतच विझली. मग सून वनिता थाळी बडवून सासऱ्याला बोलावू लागली.

"थाळी बडवून रानडुकरं हाकलतात," चांगुणा म्हणाली. "जेवायला नाही बोलवत."

तालुक्याच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी गोळ्यांच्या जोडीला एक नळी दिली. आत स्प्रिंगची ताठर झडप. "श्वास ओढणारे स्नायूही दमलेत, आजी. त्यांना बळ आणायचंय."

चांगुणानं नळी तोंडाला लावली आणि चुलीत फुंकणीनं घालावी तशी फुंकर घातली. झडप ढिम्म.

"फुंकायचं नाही. आत ओढायचं."

"जन्मभर फुंकून विस्तव पेटवला. आता ओढून काय पेटवू?"

पण घरी ती सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाठ लावून बसू लागली. नाकाला चिमटा, मुठीत नळी. ओढायचं, सोडायचं. ओढायचं, सोडायचं. हृदय होतं तसंच दुबळं. पण बरगड्यांच्या कृश पिंजऱ्यात काहीतरी हट्टानं पंख ताणू लागलं. झडप आधी कुरकुरली, मग उघडू लागली.

माघातल्या पिवळ्या दुपारी ती अंगणाच्या कडेला गेली. ओऽऽ. आखूड, खरखरीत.

"आलो, आलो." उत्तर लगेच आलं. फारच लगेच.

तिनं वाकून पाहिलं. म्हशी ओढ्याच्या अलीकडेच, वाळक्या गवतात तोंडं घालून.

"पल्याडचं गवत संपलं काय?" धाकू वर आल्यावर तिनं विचारलं.

"तसं नाही. एखाद्या दिवशी तू हाळी द्यायचीस, अन् मला ऐकू यायची नाही. म्हणून इथंच राहतो." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "आजारी पडलीस तेव्हापासून."

"म्हशी उपाशी मारताय माझ्या," ती म्हणाली. "उद्यापासून पल्याड."

फाल्गुनात पांगारा पेटला, रक्तवर्ण, निष्पर्ण. भाकरी झाली. वनिता थाळी घेऊन मागे उभी राहिली, न जाणो म्हणून. चांगुणानं श्वास ओढला, खोल, सावकाश, नळीतून ओढावा तसा, आणि सोडला.

ओऽऽऽ.

स्वर ओढ्यावरून गेला, पांगाऱ्यावरून गेला, कारवीच्या वाळक्या रानावरून गेला. पल्याडच्या उतारावर, काळ्या म्हशींत, एका इवल्याशा ठिपक्यानं मान वर केली. आणि वनिताच्या हातातली थाळी, न वाजता, उन्हानं काठोकाठ भरत गेली.