खोगीरभरती

मयुराने खोगीर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले आणि त्याला सीट बेल्ट लावला. मग ती स्वतः त्याच्या शेजारी बसली.

"पुढे नाही येणार?" राघवने आरशातून विचारले.

"नाही. तू चालव. आणि ब्रेक जरा हळू मार."

"मला हॉस्पिटलातून घरी आणताना आईनं एवढं जपलं नसेल, यार."

"तुझ्यावर शंभर वर्षांचं चामडं नव्हतं."

मेरठचा लालकुर्ती बाजार मागे पडला. खोगीर विकणाऱ्या इर्शादभाईंनी निघता निघता डिकीत एक गोणी कोंबली होती. तिचे तोंड सुतळीने शिवलेले होते आणि आत जुने तोबरे, गंजलेल्या कड्या, कुजलेले दोर, तंबूचे खुंटे असे काहीबाही होते. "साथ का माल है, मॅडम, ले जाइए," ते म्हणाले होते, म्हणजे त्यांना ते दुकानात नको होते. मयुराचे तिकडे लक्षच नव्हते. तिचा अंगठा छातीपट्ट्यावर फिरत होता. घोड्याच्या छातीवर तीन पट्टे एकत्र येतात त्या जागी चामड्याचा एक गोल बाकीच्यापेक्षा काळाभोर राहिला होता आणि त्यात दोन भोके होती. तिथे अनेक वर्षे एक धातूची चकती बसलेली असणार. अधिकाऱ्याच्या घोड्याला ती असायचीच. समोरून येणारा घोडा कोणत्या पथकाचा, ते त्या चकतीवरून कळायचे. आता चकती गेली होती आणि तिची सावली तेवढी उरली होती.

बाकी सगळे होते. रिकिबी हाताने घडवलेल्या होत्या, बैठकीचा बाक खोल होता, कडेची शिवण एका हाताची होती. मयुराला दिल्लीपर्यंत दम निघेना. गाझियाबादही आले नव्हते तेवढ्यात तिने कर्नल खंडेरावांना फोन लावला.

खंडेराव मूळचे ग्वाल्हेरचे. उभी हयात घोड्यांत काढून ते निवृत्त झाले होते आणि आता दिल्लीतल्या द्वारकेतच, तिच्या घरापासून दोन सेक्टर पलीकडे राहत होते. दर हिवाळ्यात संग्राहकांचे प्रदर्शन तेच भरवत. मांडणारे बहुतेक फौजी घराण्यांतले असत. मयुरा पुण्याची, गुरुग्रामच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारी. गेली दोन वर्षे तिने नेलेली वस्तू त्यांनी उलटसुलट पाहून परत दिली होती. "सुरेख आहे," ते म्हणत, "पण कोणाचं?"

"काका, अधिकाऱ्याचं खोगीर मिळालंय. छातीपट्ट्यासकट."

"खूण?"

"अजून दिसली नाही. पण बोलतंय हो ते."

"बोलतंय तर नाव विचार त्याला. निनावी चामडं मी मांडत नाही." मग आवाज थोडा मऊ झाला. "उद्या संध्याकाळी येतो. उद्याच मांडणी पक्की करायची आहे."

तिने फोन ठेवला, तेव्हा राघव आरशात हसत होता.

"मीसुद्धा इथूनच घेतली होती ना? तुझी ती नागवाली चकती. लग्नाआधी."

"हो. इर्शादभाईंकडूनच."

"एकटा आलो होतो. बस से. ती अजून तुझ्या खास डब्यात आहे ना?"

"आहे," मयुरा म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

ती चकती तिने हातात घेतली त्याच क्षणी ओळखली होती. नाग ग्वाल्हेरचा म्हणून कोरलेला, पण फणा उजवीकडे वळलेला. ग्वाल्हेरच्या तिने पाहिलेल्या प्रत्येक चकतीवर तो डावीकडे असे. नक्कल करणाऱ्याने साचा उलटा धरला होता. समोर राघव उभा होता, बसच्या धुळीने भुवया पांढऱ्या झालेला. ती "छान आहे" म्हणाली होती.

राघव आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढला. शेजारी एक घर तमिळ, एक बंगाली, एक हरियाणवी. मराठी घरात बोलली जाई, पण ती जेवणाखाण्याची आणि रागावण्याची. पहिल्या भेटीत मयुराने आपला छंद सांगितला, तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे तू घोड्याच्या काठ्या जमवतेस?" हिंदीत खोगिराला काठी म्हणतात, हे तिला माहीत नव्हते. ती इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. त्यानंतर मात्र तो एकेक शब्द तिच्याकडून घेत गेला. खोगीर, रिकीब, तंग, दुमची. दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या तोंडाला भूल चढेपर्यंत तो ते मनात घोळवत असे, असे त्यानेच सांगितले होते.

घरी पोचल्यावर तिने खोगीर इंच न् इंच तपासले. टॉर्च घेऊन पट्ट्यांच्या खाली, रिकिबींच्या आतल्या बाजूला, बैठकीच्या कडेला, सगळीकडे पाहिले. कुठे अक्षर नाही, आकडा नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. झोपतानाही हातांना चामड्याचा वास येत होता आणि तो तिने धुतला नाही.

रविवारी सकाळी ऑफिसचा फोन आला. काहीतरी बंद पडले होते आणि ते तिच्याच टीमचे होते. ती गुरुग्रामला गेली आणि तिथेच अडकली. दुपारी मीटिंगमधून बाहेर येऊन तिने राघवला फोन केला.

"ऐक, मी निघतेच आहे, पण काका माझ्याआधी पोचतील कदाचित. खोगीर हॉलमध्ये टेबलावर ठेव. आणि ती सगळी खोगीरभरती बाहेर काढ. बाल्कनीत टाक."

"सगळी?"

"सगळी. काकांच्या नजरेला पडायला नको."

"अच्छा. थोडं कापावं लागेल. शिवलेलं आहे."

"मग काप की."

"बिल्कुल. क्लिनिकमधून सामान आणतो."

ग्लोव्हज आणणार असेल, तिला वाटले. गंज लागतो हाताला. चांगले सुचले त्याला.

सोसायटीच्या लिफ्टपाशी तिला खंडेराव भेटले. ताठ उभे, हातात काठी, तीही मराठीतली.

"वाटेत एकाला विचारलं, हिंदूराव माहीत आहे का," ते म्हणाले. "म्हणाला, हो, हॉस्पिटल. दिल्लीला एक मराठी सरदार ठाऊक, तोही ओपीडीसकट."

मयुरा हसली. दार राघवनेच उघडले. त्याच्या कपाळावर दवाखान्यातला दिवा होता, हातात ग्लोव्हज.

दाराशेजारी गोणी तशीच होती. सुतळीचा टाकाही उसवलेला नव्हता.

हॉलच्या टेबलावर खोगीर उताणे पडले होते. त्याच्या पोटाशी असणारी गादी सुटी होऊन बाजूला ठेवली होती, रिकामी, पिशवीसारखी लोळागोळा. पलीकडे बाल्कनीत स्वच्छ चादर अंथरली होती आणि तिच्यावर लोकरीचे मळकट पुंजके उतरत्या उन्हात पसरले होते. उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले होते.

मयुराच्या खांद्यावरून लॅपटॉपची बॅग घसरून कोपरात अडकली. तिने ती वर घेतली नाही.

"डॉक्टर," खंडेराव म्हणाले, "हे काय केलंत?"

"खोगीरभरती काढली, सर. मयुरानं सांगितलं होतं." राघवने दिवा डोक्यावर सरकवला. "एक टाका फाटू दिला नाही. धागासुद्धा वेगळा ठेवलाय. दाढ काढायला इतका वेळ लागत नाही मला."

खंडेरावांनी मयुराकडे पाहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. आवाज न करता ते बराच वेळ हसले, डोळे पुसले आणि चष्मा लावायला टेबलावर वाकले. वाकले ते तसेच राहिले.

"तो दिवा द्या जरा."

राघवने दिवा त्यांच्या हातात दिला.

"मयुरा. इकडे ये."

गादीखालचा लाकडी सांगाडा उघडा पडला होता. खोगीर बनल्यापासून त्यावर उजेड पडला नसावा. मधल्या फळीवर तापलेल्या लोखंडाने उमटवलेला शिक्का होता, रुपयाएवढा, काल उमटवावा इतका ठळक. वेटोळे घातलेला नाग, आणि खाली देवनागरी सात.

"ग्वाल्हेर," खंडेराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "पण फणा बघ. उजवीकडे. इतक्या वर्षांत मी असा पाहिला नाही."

"शिक्का उलटा पडला असेल," मयुरा म्हणाली.

"मग सातही उलटा पडला असता. तो सरळ आहे. मुद्दाम केलंय हे. वेगळं पथक असणार." त्यांनी टेबलावर बोटे वाजवली. "आता चकती हवी. याच नागाची चकती कुठे निघाली ना, तर मधल्या कपाटात मांडीन मी हे. दाराशी, सगळ्यांच्या आधी."

मयुरा उठून आत गेली. पावले मोजूनमापून टाकायचे तिने ठरवले होते, पण पॅसेजमध्ये ती धावलीच. कपाटाच्या खालच्या खणातून तिने डबा काढला. झाकणावर तिच्याच अक्षरात, जाड निळ्या पेनने लिहिले होते: खोगीरभरती. ती क्षणभर तिथेच बसून राहिली. मग डबा घेऊन बाहेर आली, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

खंडेरावांनी झाकण वाचले. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बघा सर," राघव म्हणाला, "माझी चकती पहिल्यापासून खोगीरभरतीत ठेवलीय हिनं. मी लेबल वाचलं, तेव्हा शब्द नवा होता. पण कळला मला. खोगीर माहीत होतं. भरती म्हणजे आतलं, घोड्याच्या पाठीला लागून असतं ते. एकदम आतलं."

मयुराने झाकण काढले. चकती वरच होती. तिने ती काळ्या गोलावर ठेवली. मागचे दोन हूक दोन भोकांत शिरले आणि कड सावलीवर अशी बसली, की सावली दिसेनाशी झाली. शिक्क्यातला नाग आणि चकतीतला नाग एकाच बाजूला पाहत होते.

"बसली," खंडेराव हळूच म्हणाले. मग त्यांना राहवेना. "मी फोन करतो. मधलं कपाट दुसऱ्याला दिलंय, ते काढून घेतो." ते मोबाइल घेऊन पॅसेजमध्ये गेले आणि तिथून त्यांचा खणखणीत आवाज येऊ लागला.

मयुरा चकतीवरून बोट फिरवत होती. तिला हसू आवरत नव्हते. "राघव, तुला कळतंय का काय झालंय? सात वर्षं हे घरात..."

तिने वर पाहिले. राघव डब्यात पाहत होता. तुटकी बकले होती, अर्धी साखळी, प्लॅस्टिकचे एक बटण, कुठल्याशा बँडवाल्याच्या घोड्याचा टिकल्या लावलेला पट्टा. त्याने बटण उचलले, दिव्याखाली धरले, पुन्हा आत ठेवले. मग दाराशेजारच्या गोणीकडे पाहिले. पेशंटचा एक्स-रे पाहताना पाहतो, तसे.

त्याने डब्याला झाकण लावले आणि ते नीट बसले की नाही ते दाबून पाहिले.

पॅसेजमध्ये खंडेराव कोणाला तरी "नाही नाही, तुमचं जिरेटोपवालं पुढच्या वर्षी" असे सांगत होते.

राघव बाल्कनीत गेला. डाळीचा एक डबा बाजूला करून त्याने लोकरीचा पुंजका उचलला आणि हातात धरून उभा राहिला.

"हे परत घालायचं असतं?" त्याने विचारले. "की आता नवीन भरतात?"

मयुरा त्याच्यासमोर जाऊन चादरीवर बसली. तिने रिकामी गादी मांडीवर घेतली आणि तिचे तोंड दोन्ही हातांनी उघडून धरले.

"हेच घालायचं," ती म्हणाली. "हेच. नाहीतर लाकूड टोचतं पाठीला."

राघवने तिच्याकडे एकदा पाहिले. मग तो खाली बसला आणि पहिला पुंजका तिच्या हातांमधून आत सरकवला, अगदी कोपऱ्यापर्यंत.