आवडीच्या अंगातलं

देवाने अक्कल वाटली तेव्हा माझा भाऊ महिपती झोपलेला असावा. त्याच्या लेकीला, आवडीला, चौदावं सरून पंधरावं लागलं आणि पोर बदलली, एवढंच झालेलं. उन्हं दारात आली तरी लोळायची. बोललं की फणा काढायची, मग घटकाभराने माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडायची. का रडतेस विचारलं तर म्हणे, मलाच कळत नाय आत्ये. खरंच हाय ते. त्या वयात डोकं चुलीवरच्या पेजेसारखं, उतू जायचंच. मी लवकर रांडावले, माहेरी आले, पण ते वय मला आठवतं.

त्या साली आमच्या वाडीखालच्या रस्त्याने एसटी धावायला लागली. शेजारच्या मैनेशी पैज लावून आवडी गाडीच्या मागच्या शिडीला लोंबकळली नि कशेडी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गेली. गावभर बोभाटा झाला. महिपतीने त्याच वयात भरल्या सावित्री नदीत उडी टाकलेली, तेव्हा त्याची पाठ थोपटली होती सगळ्यांनी. पोरीला मात्र म्हणे बाहेरचं लागलं.

भगत बोलावला. मी उंबऱ्यात आडवी आले, म्हटलं हे वयाचं हाय, दोन-चार वर्षांत आपसूक निवळेल. भाऊ म्हणाला, तू खायला काळ नि भुईला भार, गप बस. मला बाजूला ढकललं. पोरीला खांबाला बांधून मिरच्यांची धुरी दिली. आधी ती शिव्या देत होती, मग नुसती खोकत होती, शेवटी "गेलं, गेलं" म्हणायला लागली. भगत नारळ-कोंबडा घेऊन गेला.

तेव्हापासून पोर सुतासारखी सरळ. कोंबडं आरवायच्या आधी उठते, पाणी भरते, कुणाकडे मान वर करून बघत नाय. गाव वाखाणतं, आणि माझं काळीज तुटतं हो. चिडावी म्हणून मी मुद्दाम टाकून बोलले, तर खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

शिमगा झाल्यावर दासगावचा एक बिजवर बघून गेला, तिच्या बापाच्या वयाचा. महिपती सुपारी फोडायला निघाला. मी पोरीला गोठ्यात गाठलं, तिचे हात धरले.

"आवडे, नको म्हण गो. एकदा मोठ्याने म्हण. मी हाय तुझ्या पाठीशी."

तिने हात सोडवून घेतले, दाराकडे बघितलं नि हळूच म्हणाली, "नको म्हटलं तर ते परत आलं म्हणतील, आत्ये."