विमान नेमकं कुठं पडलं

"आजोबा, काल तुम्ही पलीकडचा डोंगर दाखवला होता," ब्राह्मी म्हणाली. जीपच्या बॉनेटवर तिनं नकाशा पसरला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली ठेवली होती.

"व्हय. काल त्यो वाटला," नानासो म्हणाला. "आज ह्यो वाटतोय."

ब्राह्मीला हसावं की रडावं कळेना. नानासोचं तर डोकंच चालेनासं झालं. गुडघे गेले तेव्हा त्यानं मेंढरं विकली होती. पंच्याहत्तराव्या वर्षी त्याच्यापाशी उरली होती ती एक विमानाची गोष्ट. त्याचा बाप दहा वर्षांचा असताना मेंढरांमागून डोंगराकडं चालला होता, तेव्हा धुक्यात अगदी डोक्यावरून एक विमान गेलं आणि थोड्याच वेळात मोठा आवाज झाला. ही गोष्ट नानासोनं पारावर इतक्यांदा सांगितली होती, की गाव त्याला 'इमानवाला नाना' म्हणू लागलं. कुणीतरी ती मोबाईलवर टाकली आणि सांगलीहून ही पोरगी दारात येऊन उभी राहिली.

तिचे पणजोबा रामगोंडा हे आष्ट्याच्या शेतकऱ्याचं पोर. विमान म्हणजे काय हे लोकांना धड माहीत नव्हतं, त्या काळात ते उडवायला शिकले. एका मित्राला घेऊन मुंबईहून सांगलीकडं निघाले आणि पोचलेच नाहीत. तेव्हा आईच्या पोटात असलेली त्यांची लेक शालन, म्हणजे ब्राह्मीची आजी, आता एक्क्याण्णव वर्षांची होती. वडील कुठं पडले एवढं कळल्याशिवाय तिला डोळे मिटायचे नव्हते.

पण तीन दिवस डोंगर तुडवून उंदीरसुद्धा निघाला नव्हता. पारावर बसून गोष्ट सांगणं सोपं असतं. कुणी नकाशा काढून 'नक्की कुठं?' विचारलं, की पंचाईत होते. नानासो आठवायला बसला, की त्याला शेकोटी दिसायची, बाप दिसायचा, आणि बापाचा समोरच्या डोंगराकडं गेलेला हात दिसायचा. घोटाळा एवढाच, की मेंढपाळाचा तळ आज इथं तर आठ दिवसांनी तिथं, आणि प्रत्येक तळावर बापाचा हात समोरच्याच डोंगराकडं गेलेला होता. उंब्रजच्या अलीकडं एक, पलीकडं दोन, असे मोजता मोजता सात डोंगर झाले. एक विमान सात ठिकाणी पडत नाही. मग बाप पोरांना झुलवत होता की काय? या विचारानं म्हातारा आतून पार कोसळला होता.

दुपारी त्यानं जीप बयाबाईच्या घराकडं घ्यायला लावली. ही त्याची थोरली बहीण, डोंगराच्या पायथ्याला दिलेली. ती ओसरीवर लोकर पिंजत बसली होती. नानासोनं डोक्याचा पटका काढून बाजेवर ठेवला आणि टेकल्या टेकल्या विचारलं, "आक्का, आबा खोटं बोलायचा का गं? सात डोंगर दावलं त्यानं."

"खोटं कशापायी बोलंल?" बयाबाई म्हणाली. "त्यो हुडकत हुता."

"काय हुडकत हुता?"

"ती मानसं. तळ पडला की सकाळी माझ्याकडनं भाकरी बांधून घ्यायचा आन् डोंगरात शिरायचा. सांजंला पाय फोडून यायचा. म्हनायचा, हितं बी न्हाईत, बया."

"मला वाटायचं, मेंढरू हुडकाय जातोय."

"मेंढरू चुकलं तर आपून त्याचं कातडं तरी गावंस्तवर तळ हलवतो व्हय? इमानात त्याला दोन डोकी दिसली हुती. त्यानं थोरल्यांस्नी लय सांगितलं, दोन मानसं मागं ऱ्हायली. पोराचं कोन ऐकतंय? तळ हलवला. ते त्याच्या मनाला लागलं ते लागलंच."

"दोघंच होते," ब्राह्मी हळूच म्हणाली.

नानासोनं नकाशा ओढून घेतला. "पोरी, ह्यो डोंगर खोड. ह्यो बी खोड." एकेक करत त्यानं सातही डोंगर खोडायला लावले. "हितं जायाचं काम न्हाई. आबानं बगितलंय."

नकाशावर अजून ढीगभर डोंगर बाकी होते. ब्राह्मीनं आजीला फोन लावून स्पीकरवर समोर धरला.

"गावलं का गं?" शालनआजीनं विचारलं.

"नाही आजी. पण एक माणूस त्यांना शोधत होता. धनगर होता. जन्मभर शोधत होता."

"मला वाटायचं, आपल्या घराबाहेर कुणाला पत्ताच न्हाई," आजी म्हणाली. "रोज सकाळी बस्तीत भगवंतापुढं मी बाबांचं नाव घेते. आता त्यांचंबी घेईन. नाव काय म्हणालीस?"

ब्राह्मीनं नानासोकडं पाहिलं. एवढी वर्षं गोष्ट सांगितली, पण बापाचं नाव त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं बाजेवरचा पटका उचलला, नीट पीळ देऊन डोक्याला बांधला, आणि मग फोनजवळ सरकला.

"अर्जुना," तो म्हणाला. "अर्जुना बिरू कोळेकर."

शालनआजीनं ते सावकाश म्हणून पाहिलं आणि बरोबर आलं का, म्हणून विचारलं.

"व्हय," नानासो म्हणाला, "बराबर हाय."