तीन पायांची खुर्ची आणि माझा ढिला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. आपली गोष्ट सांगायला बसलं की कौतुकाचे प्रसंग आधी आठवतात. मला मात्र आज एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे. बरीच वर्षं मी ती पोटात ठेवली होती.

कारखान्यात माझी शेवटची तपासणी एका बाईंनी केली. त्यांनी माझ्या थाळीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक गोल कागद ठेवला आणि मला सुरू केलं. थाळी अचूक वेगाने फिरत असेल, तर दिव्याच्या उजेडात कागदावरच्या त्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. माझ्या रेघा अगदी थांबल्या. "गुणी आहे हा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला खोक्यात ठेवलं. त्या एका वाक्यावर मी पुढे फार वर्षं फुशारकी मारली.

मला घरी आणलं ते एका चष्मेवाल्याने. घरात त्याला सगळे दादा म्हणत. दुकानात तो भिंगाच्या नंबरात केसाएवढा फरकही खपवून घेत नसे. त्याने मला बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मानाची जागा दिली. सुट्टीच्या दिवशी शेजारी गाणी ऐकायला येत आणि "आवाज काय गोड आहे हो!" म्हणत. दादाची मान ताठ होई, आणि माझीही झाली असती, मला मान असती तर.

पण त्या खिडकीतून दुपारभर ऊन माझ्यावर पडे. मोटरची गती थाळीपर्यंत पोचवणारा एक रबरी पट्टा माझ्या पोटात असतो. उन्हाने तो हळूहळू सैल झाला. मी मंद फिरू लागलो आणि मधूनमधून अडखळूही लागलो. मला ते जाणवत होतं, पण ऐकणाऱ्यांना कळलं नाही, कारण ती गाणी सगळ्यांना पाठ होती. ओळखीच्या गाण्यात जे कमी पडतं, ते कान स्वतःच भरून घेतात.

दादाची धाकटी बहीण छापखान्यात मुद्रितं तपासायची. लहानपणापासून हाताला लागेल ते वाजवायची, म्हणून दादा तिला खुळखुळा म्हणे. तिने तीन मित्रमैत्रिणी जमवून एक रॉक बँड काढला. एक वायरमन, एक सुतार आणि टायपिंग शिकवणारी एक मुलगी. छापखान्यामागच्या रिकाम्या गोदामात त्यांची तालीम चाले. गिटारच्या तारांत ते कागदाचे कपटे अडकवायचे. कागद कापायच्या यंत्राचा ताल धरून गाणी बसवायचे. दोन वर्षं खपून त्यांनी एक रेकॉर्ड काढली. तिचं नाव 'तीन पायांची खुर्ची'. वेष्टनावरचं चित्र बहिणीने स्वतः छापलं होतं आणि त्यातल्या खुर्चीला खरोखरच तीनच पाय होते.

दादा तिला हसायचा, पण मनातून त्याला अभिमानही होता. म्हणूनच त्याने एका दुपारी घरी माणसं बोलावली. शहरातल्या सभागृहात कोणाचे कार्यक्रम ठेवायचे हे ठरवणाऱ्या एक बाईही आल्या होत्या. त्यांना आवडलं असतं, तर बँडला तिथे वाजवायला मिळणार होतं. बहिणीने रेकॉर्ड दोन्ही हातांनी धरून माझ्यावर ठेवली.

आणि मी वाजू लागलो.

काय सांगू, मित्रांनो! तिचा आवाज माझ्यातून आजारी माणसासारखा निघाला. ताल लंगडत होता. गिटार मधेच खाली घसरायची. मग कोणीतरी म्हणालं, "अहो, हे गाणं आहे की म्हशीला ताप आलाय?"

सगळी खोली हसली. सभागृहाच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला.

बहीण पुढे आली. "हे असं वाजत नाही. दादा, तुझं मशीन हळू फिरतंय."

"माझं मशीन?" दादाचा चेहरा उतरला. पाहुण्यांसमोर त्याच्या आवडत्या वस्तूला कोणी नावं ठेवली नव्हती. "काल तर छान वाजत होतं. आपलं जमलं नाही की मशीनवर ढकलायचं, होय गं?"

"बघ तरी एकदा! घड्याळ लावून फेरे मोज."

दादाने फेरे मोजले नाहीत. त्याने तिची रेकॉर्ड काढली आणि सगळ्यांच्या आवडीचं एक जुनं गाणं लावलं. लोक लगेच माझ्यासोबत गुणगुणायला लागले. "बघ, वाजतंय की नीट," दादा म्हणाला.

ती खोटी ठरली. माझ्यामुळे.

आता खरी लाज सांगतो. पट्टा सैल झाला, हा काही माझा अपराध नव्हता. पण दादाने माझी बाजू घेतली तेव्हा मला बरं वाटलं. तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे हे त्या खोलीत फक्त तिला आणि मला ठाऊक होतं, आणि मी त्या जुन्या गाण्यावर ऐटीत फिरत राहिलो.

तिने रेकॉर्ड परत नेली नाही. बँड मोडला. पुढे ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. भावाबहिणीचं बोलणं फोनवर "बरी आहेस ना?" "बरी आहे" एवढ्यावर आलं.

कॅसेटी आल्या आणि माझ्यावर आधी कपडा आला, मग फुलदाणी. शेवटी मी माळ्यावर गेलो. शेजारीच ती रेकॉर्ड उभी होती. एवढी वर्षं तिच्या शेजारी काढायची, हे सोपं नव्हतं.

दादाच्या मुलीने माळा आवरायला काढला तेव्हा आम्ही दोघं खाली आलो. "बाबा, ही रेकॉर्ड आत्याची आहे? मला कधी सांगितलं का नाही?" तिने विचारलं. म्हाताऱ्या दादाने विषय टाळला, पण मला दुरुस्तीला नेताना तोही सोबत आला.

दुरुस्तीवाल्याने थाळीवर तसाच रेघांचा कागद ठेवला. रेघा मागे पळू लागल्या.

"उन्हात ठेवत होता का?" त्याने विचारलं.

"खिडकीखाली होता," दादा म्हणाला. "पण तेव्हा छान वाजायचा."

"छान कसला, साहेब! अशा उन्हात रबर दोन-तीन उन्हाळ्यांत ढिलं पडतं. हा तेव्हापासूनच मिनिटाला दोन-तीन फेरे मागे असणार."

दादा स्टुलावर बसला आणि त्याने चष्मा काढून हातात धरला.

नवा पट्टा बसला आणि मुलीने ती रेकॉर्ड लावली. खरं सांगतो, पहिल्यांदा तीही गोंधळली. गाणं सरळ चालतच नव्हतं. दर सातव्या ठोक्याला ढोल गप्प बसायचा आणि त्या रिकाम्या जागेत टाइपरायटर टकटकायचा. आत्याचा आवाज हरवलेल्या छत्र्यांची यादी इतक्या गंभीरपणे वाचत होता की हसू फुटावं, आणि शेवटच्या छत्रीपाशी तेच हसू विरून जावं. दुरुस्तीवाला हातातलं काम सोडून उभा राहिला. "परत लावा हो," तो म्हणाला. दुसऱ्यांदा त्याचा पाय सातव्या ठोक्याला आपोआप थांबला. मी पहिल्यांदाच ते गाणं समजून वाजत होतो, आणि ते जितकं सुंदर वाजत होतं तितका मी शरमेने लहान होत होतो.

पुढच्या सुट्टीला दादा मला आणि रेकॉर्डला मांडीवर घेऊन गाडीत बसला. बहिणीने दार उघडलं.

"हे धूड कशाला आणलंस?"

"तुझं खरं होतं," दादा दारातच म्हणाला. "मशीन हळू फिरत होतं."

"मला माहीत होतं, दादा." तिने दार पूर्ण उघडलं. "सुतार गेला मागच्या वर्षी. त्याला ऐकायचं होतं हे."

सभागृहातली ती हुकलेली संध्याकाळ आता कोणीच परत आणू शकत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना उन्हात ठेवू नका, आमचा पट्टा वेळच्या वेळी बघा. आणि कोणी कळवळून सांगत असेल, "हे असं नाहीये," तर हसण्याआधी उठून एकदा फेरे मोजा. मला ते सांगता येत नव्हतं. ती तर सांगत होती.

त्या दिवशी दादाने रेकॉर्ड लावली आणि तो जमिनीवर बसला. "हा खर्रखर्र आवाज कसला गं?" "कागद कापायच्या यंत्राचा." "आणि हा?" "बादलीत साखळी सोडली होती. वायरमनची कल्पना." तो विचारत गेला, ती सांगत गेली. आधी तुटक, मग हात हलवून हलवून. बाजू संपली. दादा उठायला लागला, तशी ती म्हणाली, "बस. दुसरी बाजू अजून अवघड आहे."

"असू दे," दादा म्हणाला. "लाव."