इन्व्हर्टरवर काय काय?

शामलाबाईंनी सगळ्यांत मोठा डबा दोन्ही हातांनी उचलला, तोलून पाहिला आणि काचेच्या काउंटरवर सुनेसमोर ठेवला.

"हा घे. वजन हाये याले."

"आई, ते ग्राफिक्स कार्ड आहे, पितळेचं भांडं नाही," रितिका म्हणाली. "वजनावर नसते हे."

"सगळंच वजनावर असते. माणूस बी."

दुकानदार हर्षित हसला. शामलाबाई स्टूल ओढून बसल्या. धरमपेठेतल्या या दुकानात यायला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कंप्युटरच्या पोटात बसवायचं ते कार्ड काय करतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचीही त्यांची तयारी नव्हती. पण घर सोडताना सून काय काय बांधून नेते, ते डोळ्यांनी पाहावं म्हणून त्या आल्या होत्या.

रितिका अजून न बांधलेल्या घरांची चित्रं काढायची. बिल्डर ती दाखवून फ्लॅट विकत. गेल्या महिन्यात पुण्याच्या कंपनीनं तिला बोलावलं. मग तिच्या नवऱ्यानं, पियूषनं, आईला मोबाइलवर तिथली उंच इमारत दाखवली. खाली बाग, आणि लाइट गेली तर अख्ख्या इमारतीला जनरेटर. "बरी हाये," एवढंच शामलाबाई बोलल्या. तेव्हापासून वरणात मीठ कमी पडायला लागलं, पोछा धड होईना, सुनेचं हसणं शेजारी ऐकू जायला लागलं. जीभ दिवसभर चालू होती, पण 'राहा' हा एक शब्द तिच्यावर येत नव्हता.

"सिस्टम कोणती टाकली मॅडम?" हर्षितनं विचारलं.

"लिनक्स. त्याच्यावर झंझट न करता चालणारं पाहिजे."

"ते फुकटात भेटते," शामलाबाईंनी हर्षितला समजावलं. "सगळ्या दुनियेनं मिळून बनवलं म्हणते. गाय फुकट, अन् दावं पाह्यजे बजारातलं!"

"मग मोठंच न्या ना मॅडम. कामाचा स्पीड पाहाल नुसता."

"मोठं नको. वीज कमी खाणारं दाखवा. इन्व्हर्टरवर चाललं पाहिजे."

शामलाबाईंचा हात डब्यावर होता, तो तिथंच राहिला. इन्व्हर्टर इथल्या, हुडकेश्वरच्या घरी होता, जिन्याखाली. उन्हाळ्यात दुपारची लाइट गेली की घरघरू लागायचा. पुण्याच्या त्या इमारतीत त्याला कोण विचारणार होतं?

"काहून वं?" त्यांनी विचारलं.

रितिका डब्यावरचे बारीक आकडे वाचत होती. "इथं घरूनच काम करते म्हटलं मी कंपनीला. एक महिना बघतो म्हणाले. लाइट गेली अन् काम अडलं, तर मग पुण्याला जावंच लागेल."

"अन् पियूष?"

"त्याला माहीत आहे. तुम्ही बोलू द्याल तेव्हा तुम्हालाही सांगणार होते."

शामलाबाईंनी मोठा डबा हळूच बाजूला सारला.

हर्षितनं आतून एक लहान कार्ड आणलं. "याला वेगळी वायर नाही लागत. बोर्डातूनच वीज घेते. थोडं सावकाश, पण तुमचं काम होते. इन्व्हर्टरवर और क्या क्या आहे?"

"दोन पंखे, एक ट्यूबलाइट. आईंच्या खोलीतला कूलर."

हर्षितनं कॅल्क्युलेटर पुढं ओढला आणि मान हलवली. "कूलरके साथ नहीं जमेगा. बॅटरी अर्ध्यात बसून जाईल. याच्याहून छोटं आहे माझ्याकडे, पण तुमची चित्रं त्याला नाही झेपायची."

रितिकानं कार्ड हातात फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग हळूच काउंटरवर ठेवून दिलं.

"कूलर नोको धरू गा," शामलाबाई म्हणाल्या.

"आई, मे महिना आहे."

"तं असू दे. त्या वाऱ्यानं गुडघे धरतात माह्ये. कवाची सांगून राहिली मी, या घरात ऐकते कोण?"

रितिका त्यांच्याकडे पाहत राहिली. शामलाबाई हर्षितकडे पाहत होत्या.

"पाहून काय राहिला? बांध ना ते."

दुकानाचं दार उघडताच झळ तोंडावर आली. फुटपाथ तापला होता. रितिकानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"गुडघे बरे आहेत का आता?"

"बरे कसे राहतील? आत केवढा एसी लावला होता त्यानं," शामलाबाई म्हणाल्या. पदरानं मानेवरचा घाम पुसत, झाडाची सावली सोडून त्या मुद्दाम उन्हातून चालू लागल्या.