तीन मापं पीठ आणि एक ओकचा स्टँड

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. माझ्यामागे उभं राहून चर्चमध्ये उपदेश करतात. देव आणि माणसं यांच्या बरोबर मध्ये माझी जागा आहे. निदान रविवारी दुपारी तरी. एरवी अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या थंडीत लोक माझ्यावर ओले कोट वाळत घालतात.

मी ओकचा. एका अमेरिकन चर्चने माझ्याकडून बरीच वर्षं काम करून घेतलं. मग काचेचा नवा स्टँड आला आणि मी तळघरातल्या हॉलमध्ये गेलो. तो हॉल मराठी ख्रिस्ती मंडळीने भाड्याने घेतला आणि माझे दिवस पालटले. मंडळीतल्या शोभनाकाकूंनी मला खोबरेल तेल लावून पुसलं. ते लाकडाला लावायचं तेल नव्हे, पण माया पोचली.

गेल्या वर्षी नीलांबरी आली. नगरची मुलगी, इथल्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, बायबलवर पीएचडी करते. वर्षभर उपदेश करून बघ, जमलं तर पाळक म्हणून कायम, असं ठरलं. बिचारी आपले सेमिनरीतले पेपरच वाचू लागली, तेही तळटिपांसकट. ग्रीक क्रियापदं ऐकता ऐकता मंडळीला शांत झोप लागे. नीलांबरीला ते दिसत असे. तिची बोटं माझ्या कडेला घट्ट रुतत.

एकदा मंडळीचे सेक्रेटरी अनिलकाका तिला म्हणाले, "कमिटी म्हणतेय, पुण्याच्या पाळकांचे उपदेश स्क्रीनवर लावू. पुढचा रविवार शेवटचा बघू या."

स्क्रीनला स्टँड कशाला लागतो?

शोभनाकाकू ख्रिस्ती कीर्तनकाराची लेक. त्या तिला म्हणाल्या, "फार अभ्यासपूर्ण असतं हं तुझं." मराठीत याहून कडक निषेध नाही. "अगं, आमचे बाबा पूर्वरंगात निरूपण करायचे आणि उत्तररंगात आख्यान. तुझ्या पूर्वरंगातच चहाची वेळ होते."

"काकू, मग अभ्यास सोडून देऊ?"

"सोडतेस कशाला? त्याचीच गोष्ट कर."

त्या रविवारी दाखला, म्हणजे येशूची बोधकथा, होता खमिराचा. एक बाई तीन मापं पिठात ते आंबवण लपवते आणि सगळं पीठ फुगतं, एवढाच. नीलांबरीने कागद उलटा ठेवला.

"अभ्यासक सांगतात, तीन मापं म्हणजे शंभरावर माणसांचं पीठ. आता ही बाई बघा. पदर खोचलाय, कोपरापर्यंत पीठ. शेजारीण म्हणते, 'अगं बये, घरात माणसं किती, पीठ किती!' ही आपली मळतेच आहे."

"शंभर?" मागून अनिलकाकांना राहवलं नाही. "आपण तर चाळीसच आहोत!"

"काका, बाकीचे यायचे आहेत."

हॉल हसला. मग उपदेशभर फोन बघत बसणाऱ्या संजयने गुडघ्यावरचा फोन पालथा ठेवला. शोभनाकाकूंनी डोळ्यांना रुमाल लावला.

संध्याकाळी कमिटीने नीलांबरीला कायम केलं. अनिलकाका म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

मित्रांनो, अभ्यासाला हसू नका. कुणीतरी ते माप शोधून काढलं, म्हणून आम्हाला ती बाई दिसली. आणि जुन्या लाकडावरून अधूनमधून मायेने हात फिरवत जा.

मी समाधानी आहे. नीलांबरी आता कागद आणत नाही. ती हॉलभर फिरत गोष्ट सांगते. माझ्यावर तिची पाण्याची बाटली असते.