अबोल्यातलं डिक्टेशन

करिष्मानं पेन्सिल एवढी दाबली की टोक कागदात रुतून मोडलं. तुकडा उडाला तो थेट शेजारच्या अश्लेषाच्या वहीवर.

"हट्टी," गोपाळराव म्हणाले. डोळे घड्याळाच्या काट्यावर, पण आवाज स्वयंपाकघराच्या दिशेनं. "हटवादी. हेकेखोर. हुज्जत घालणारी."

"सर, हुज्जत घालणारी हा एक शब्द का दोन?" अश्लेषानं विचारलं. ती बी.ए. झालेली, अन् तिला प्रत्येक गोष्ट विचारून करायची सवय.

"बाई एकच असते," गोपाळराव म्हणाले. "तुम्ही दोन लिहा."

आत पातेलं आदळलं.

हुडकेश्वरच्या त्या घरात समोरच्या खोलीत मराठी शॉर्टहँडचा क्लास चालायचा. नवराबायको दोघंही सरकारी हापिसातले रिटायर स्टेनो. क्लास कुसुमताईंचा. डिक्टेशन द्यायचं गोपाळरावांनी, कारण आवाज खणखणीत. तपासायचं कुसुमताईंनी, कारण त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. या आठवड्यात ह चालू होता. शॉर्टहँडमधला ह म्हणजे डोक्याला ताप. बाकीची अक्षरं मुकाट्यानं एकाच रूपात राहतात. हा कधी वर चढतो, कधी खाली उतरतो, कधी नखाएवढी रेघ होतो, तर कधी नुसता ठिपका होऊन बसतो. पुढं कोणतं अक्षर आहे ते पाहून आपला रंग बदलतो. पाहुणे बघून आवाज बदलणाऱ्या मामीसारखा, असं करिष्माचं मत होतं.

अन् नेमक्या याच आठवड्यात नवराबायकोचा अबोला सुरू झाला होता.

कुसुमताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याकडे न बघता त्याच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"आता माझे शब्द घ्या. हलगर्जी. हडेलहप्पी. हुकूमशाही. हवं ते न विचारता करून मोकळा होणारा."

"मॅडम, हे तं वाक्य झालं," अश्लेषा पुटपुटली.

"वाक्याचीही सवय पाहिजे."

गोपाळरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "करिष्मा, मॅडमले सांग, हवं मध्ये नुसता ह नाही, अनुस्वारही हाय. तो बोलताना आला नाही."

"मॅडम इथंच तं उभ्या आहेत!"

"करिष्मा, सरांना सांग, अनुस्वार आला होता. कान तपासून घ्या."

करिष्मानं वही आपटली. "मी ह शिकाले आली हाय का तुमचं भांडण लिहाले? परीक्षा पंधरवड्यावर आली न! पेपरात काय हेकेखोर येणार हाय का?"

अश्लेषानं वहीत मान घातली.

"कोणतं भांडण?" कुसुमताई म्हणाल्या. "भांडायला बोलावं लागतं."

करिष्माचं डोकं तापायला कारण होतं. अकरावीत वर्गशिक्षकाशी कडाक्याचं वाजलं अन् तिनं दप्तर उचललं ते परत नेलंच नाही. मग सीताबर्डीचा शॉर्टहँड क्लास. तिथले सर तिच्या रेघांना कोंबडीचे पाय म्हणाले, तर तिनं त्यांच्या अक्षराला काय म्हटलं ते घरी कोणीच पुन्हा उच्चारत नाही. आता हा क्लास. बापानं सांगून ठेवलं होतं, "हेही सोडलं तं लकडगंजले मामाच्या आरा मशीनवर बसाचं, लाकडं मोजत." करिष्माला लाकडांचं वाईट वाटत नव्हतं. वाईट याचं वाटत होतं की इथं पहिल्यांदा काहीतरी तिच्या हातात बसत होतं. कोणी बोललं की हात आपोआप चालायचा. फक्त हा एक ह सोडून.

घरी जाताना ती अश्लेषाला म्हणाली, "तुनं पाह्यलं का वं? मॅडम बोलतात तवा सरांचं बोट खुर्चीच्या दांड्यावर चालते."

"सवय असंल."

"हडेलहप्पी लिहून राहिले होते ते. मी पाह्यलं. बायको शिव्या देऊन राहिली अन् हा माणूस लिहून राहिला! अन् सर बोलतात तवा मॅडमचं बोट पदराखाली चालते."

"मग?"

"मग काय. ज्यायले ऐकू येते ते लिवल्याशिवाय राहत नाही. उद्या पाह्य तू."

दुसऱ्या दिवशी तिनं गोपाळरावांच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. मागितलं वगैरे नाही, काढूनच घेतलं.

"आज डिक्टेशन मी देते. तुमी दोघांनी लिहाचं."

"आम्ही?" कुसुमताईंच्या भुवया वर गेल्या.

"मले बरोबरचा ह पाहाचा हाय. पुस्तकातला नाही, हातातला. तुमचाच क्लास हाय न मॅडम? मंग दाखवा."

मास्तरकीला आव्हान दिल्यावर कुसुमताईंना नाही म्हणता आलं नाही. अन् त्या बसल्यावर गोपाळरावांना उठून जाता आलं नाही, कारण तो पळपुटेपणा दिसला असता. करिष्मानं दिवाणावर एकच वही उघडून ठेवली. डावं पान सरांचं, उजवं मॅडमचं. मधे वहीची शिवण, अन् दोघांच्या गुडघ्यांमधे टीचभर जागा.

"हळद," करिष्मा म्हणाली. "हमाल. हरभरा. हिवाळा. वाहन."

ती मुद्दाम असे शब्द घेत होती ज्यांचा कोणाला राग येऊ शकत नाही. दोन पेनं सुरसुर चालली. जुने हात. एकदा सुरू झाले की थांबायचं नाव नाही. अश्लेषा तोंड उघडं ठेवून बघत राहिली.

"पाहुणा. लहान. हक्क."

कुसुमताईंची नजर तपासायच्या सवयीनं डाव्या पानावर घसरली.

"अहो!"

पेनं थांबली.

"अहो, हा ह वर नाही चढत! पुढं क आहे, खाली उतरतो तो. काय लिहून ठेवलंत हे?"

बोलून झाल्यावर कुसुमताईंनी ओठ आवळले, पण शब्द तर सुटून गेला होता. गोपाळराव पानाकडे बघत म्हणाले, "नोकरीभर असाच लिवला. साहेबानं कधी काही म्हटलं नाही."

"साहेबाला वाचता येत होतं का?"

"नाही."

"मग तुमचं वाचून टाइप कोण करत होतं?"

"तूच," गोपाळराव म्हणाले. "बाकी कोणाच्या बापाले वाचता आलं असतं?"

करिष्मानं अश्लेषाकडे बघून भुवई उडवली. झालं, आता गाडी रुळावर. ती घड्याळ खिशात घालून पुढच्या शब्दासाठी तोंड उघडणार, तोच कुसुमताई म्हणाल्या, "एवढं बोलता येतं, तर बोर्ड लावायच्या आधी बोलता नाही आलं?"

"कोणता बोर्ड?" करिष्मानं विचारलं.

"सरांना विचार." मग त्यांनाच आठवलं की आता अबोला मोडलाय. "फाटकाला बोर्ड लावला ह्यांनी. समोरची खोली किरायानं देणे आहे. मी भाजी घेऊन येते तर शेजारीण विचारते, कुसुमताई, क्लास बंद करता काय? मलाच माहीत नाही! तिथल्या तिथं उपटून माळ्यावर टाकला मी तो."

समोरची खोली म्हणजे हीच. करिष्मानं एकदा भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं.

"चंद्रभानच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं," गोपाळराव तिला सांगू लागले, जणू न्यायाधीश तीच. "भाऊ हाय माहा. नरखेडले संत्र्याचा बगीचा हाय आमचा. त्याच्यानं आता चालवत नाही, मोटार चालू कराले विहिरीवर जाता येत नाही. मी म्हटलं आता दोघांनी तिकडंच जाऊन राहावं."

"म्हटलं? कोणाला म्हटलं?" कुसुमताई उसळल्या. "मला म्हटलं नाही. बोर्डाला म्हटलं!"

"तुले विचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

"विचारून तर बघायचं!"

गोपाळरावांनी खाकरून गळा साफ केला, जसा ते डिक्टेशनच्या आधी करत. पण आवाज डिक्टेशनचा निघाला नाही. बराच खाली निघाला.

"येतेस का?"

कुसुमताईंनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. त्या फळ्याकडे बघत होत्या, मग पोरींकडे, मग डाव्या पानावरच्या त्या चुकीच्या दिशेनं चढलेल्या रेघेकडे.

"पोरींची परीक्षा होऊ द्या," त्या म्हणाल्या.

"होऊ दे न. संत्रा काय पळून चालला?"

"अन् तिकडं मी चुलीसमोर बसणार नाही. गॅस पाहिजे."

"हाय न गॅस."

"अन् चंद्रभान भावजींना सांगून ठेवा, मला सकाळी उठल्याउठल्या कोणी बोलायचं नाही."

"त्याले कोण बोलू देते? तो झोपलेलाच असते."

दोघं हसले. आधी ते, मग त्या, तोंडावर पदर धरून.

करिष्मा हसली नाही. परीक्षा झाल्यावर पुढची स्पीड होती, मिनिटाला आणखी शब्दांची, तिच्या पुढची अजून वेगळी, अन् नोकरी मिळायची तर ती सगळ्यात वरची. आपण कुठवर शिकणार ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, पण मनात कधीचं ठरवलेलं होतं. सीताबर्डीचं दार तिनं स्वतःच्या तोंडानं बंद केलं होतं. हे दार आत्ता, याच दिवाणावर, तिच्याच हुशारीनं बंद झालं. अन् बंद करणारे दोघं केवढ्या खुशीत बसले होते!

"हां, पुढचा सांग," गोपाळराव टोपण काढत म्हणाले. "मजा येऊन राहिली."

करिष्माच्या जिभेवर शब्द तयार होता. हुकूमशाही. नुसता हा एक शब्द टाकायचा, की कुसुमताईंना बोर्ड आठवला असता, त्यांनी टोपण लावून ठेवलं असतं, अन् खोली क्लासचीच राहिली असती. वर्षभर तरी. ते तिला स्वच्छ दिसत होतं. अश्लेषानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला काही दिसलं की नाही कोण जाणे.

दिवाणावर गोपाळरावांनी वही थोडी उजवीकडे सरकवली होती. खिडकीचा उजेड कुसुमताईंच्या पानावर नीट पडावा म्हणून. कुसुमताईंनी ती परत डावीकडे ढकलली.

"सांग न वं," त्या म्हणाल्या. "हात गार पडतो."

"हवापालट," करिष्मा म्हणाली.

दोन्ही पेनं एकदम चालली. कोणीतरी श्वास सोडला, बहुतेक अश्लेषानं.

"पुढचा?"

"थांबा न मॅडम, सुचू तं द्या," करिष्मा खेकसली, अन् पाठ करून खिडकीशी जाऊन उभी राहिली.